एमएस असलेल्या बहिणीला वास येईनासा झालाय: दुखणं नाकाचं की मेंदूचं?

पलूसहून एका भावाने आपल्या बहिणीबद्दल विचारलं आहे. ताई ३४ वर्षांची, कराडला दिलेली. पाच वर्षांपूर्वी एका डोळ्याची नजर अचानक धूसर झाली, पुढे पायांत मुंग्या आल्या, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं. औषधं चालू आहेत. ती चालते-फिरते, घरचं सगळं करते. पण गेल्या सात-आठ महिन्यांपासून तिला वास लागत नाही. दूध उतू जाऊन करपलं, डाळ बुडाला लागली, तरी हिला पत्ता नाही. सासूबाईंना वाटतं, हिचं कामात लक्ष नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, नाक स्वच्छ आहे म्हणाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की एमएसमध्ये वास जात नसतो, मनाचं असेल. भावाचे प्रश्न तीन आहेत. हे एमएसमुळे असू शकतं का? आजार वाढल्याची ही खूण आहे का? आणि वास परत येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: होय, एमएसमुळे असू शकतं. वेगवेगळ्या अभ्यासांत एमएसच्या साधारण २० ते ४५ टक्के रुग्णांत वासाची क्षमता कमी झालेली मोजली गेली आहे. आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण तपासायच्या पद्धती वेगळ्या आणि निवडलेले रुग्णही वेगळे. ज्यांचा वास कमी झालेला असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते स्वतःला कळलेलंही नसतं. ताईंना कळलंय, त्यांनी घरात सांगितलंय. त्याला 'मनाचं' म्हणणं मला मान्य नाही.

मी मिरजेत मेंदू आणि मज्जातंतूंचे रुग्ण पाहतो. आमच्या शाखेत मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्या तपासायला शिकवतात. त्यातली पहिली जोडी वासाची, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच वगळली जाते. डोळ्यांत बॅटरी मारली जाते, जीभ बाहेर काढायला सांगितली जाते, पण वासाचं कुणी विचारत नाही. एमएसच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनल्ड निकषांतही वासाला जागा नाही. त्यामुळे 'एमएसमध्ये वास जात नाही' ही समजूत टिकून राहिली. १९७० च्या दशकातल्या काही तपासण्यांत एमएसच्या रुग्णांचा वास ठीक असल्याचं दिसलं होतं, त्याचाही त्यात वाटा आहे. पुढे मोजमापाची साधनं सुधारली आणि चित्र बदललं.

आता हे होतं कसं, ते सांगतो. नाकाच्या अगदी वरच्या भागात, दोन्ही भुवयांच्या मधल्या जागेच्या साधारण मागे, वासाच्या पेशी असतात. माणसात गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचे जवळजवळ ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध १९९१ साली रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी लावला आणि त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. या पेशींचे बारीक तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या सच्छिद्र हाडातून वर जातात आणि मेंदूच्या खालच्या अंगाला असलेल्या गंधकंदात पोचतात. तिथून एक पट्टा मागे जातो आणि मेंदूच्या कानशिलाकडच्या व कपाळाकडच्या भागांत वासाचा अर्थ लागतो.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती मायलिनवर, म्हणजे मज्जातंतूंभोवतीच्या आवरणावर हल्ला करते, पण फक्त मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर. नाकातून वर जाणाऱ्या बारीक तंतूंवर मायलिन नसतंच. मग एमएसने वास कसा जाईल, असा प्रश्न साहजिकच पडतो. पण गंधकंद आणि त्यामागचा पट्टा हा मेंदूचाच भाग आहे, तिथे मायलिन आहे, आणि ते मेंदूतल्याच पेशी तयार करतात. ताईंचा आजार डोळ्यापासून सुरू झाला. डोळ्याची नससुद्धा खरं तर मेंदूचाच पुढे आलेला भाग, म्हणूनच एमएस तिला पकडतो. वासाच्या पट्ट्याची गतही तीच. एमएसने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या शवविच्छेदनांत या कंदातलं आणि पट्ट्यातलं मायलिन गेलेलं दिसलं आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी वासावर आयुष्यभर काम केलं. १९९७ साली त्यांच्या गटाने दाखवलं की एमएसमध्ये कपाळाच्या आणि कानशिलाच्या खालच्या भागांत, म्हणजे वासाशी संबंध असलेल्या जागी, जितके जास्त डाग, म्हणजे आजाराने इजा झालेल्या जागा, एमआरआयवर दिसतात तितका वास कमी असतो. मेंदूच्या इतर भागांतल्या डागांचा तसा संबंध दिसला नाही. दोन वर्षांनी त्यांनी थोड्या रुग्णांचा पाठपुरावा छापला: त्या भागातले डाग कमी झाले तेव्हा वासाचे गुण वाढले, डाग वाढले तेव्हा गुण उतरले. रुग्ण मोजकेच होते, तरी वास हा आजाराबरोबर वर-खाली होऊ शकतो हे त्यातून दिसलं. म्हणून ताईंच्या जुन्या आणि नव्या एमआरआयच्या सीडी दोन्ही लागतील. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा 'जुने डाग आहेत तसेच' एवढं एक वाक्य असतं आणि वासाच्या जागा कुणी मुद्दाम पाहिलेल्या नसतात.

दुसरा प्रश्न, आजार वाढलाय का. याचं उत्तर 'वास गेला' एवढ्यावरून देता येत नाही, वास कसा गेलाय ते पाहावं लागतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. पोत्याजवळ जाताच 'काहीतरी वास येतोय' एवढं जाणवणं, ही पहिली पायरी. दोन पोत्यांतल्या मालाचा वास एकच आहे की निराळा हे ओळखणं ही दुसरी. आणि 'ही राजापुरी' किंवा 'हा माल ओलसर आहे, कुबट मारतोय' असं नाव देणं ही तिसरी. डॉक्टरी तपासणीतही या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. जर्मनीत तयार झालेल्या, गंध भरलेल्या पेनांच्या संचाने किती सौम्य वास जाणवतो, दोन वास वेगळे कळतात का, आणि वासाचं नाव सांगता येतं का, हे तिन्ही बघता येतं.

एमएसच्या रुग्णांवर अशा संचाने झालेल्या अभ्यासांत एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा दिसला. आजार उसळलेला असतो, नवे झटके, म्हणजे लक्षणांचे अचानक उफाळे, येत असतात, तेव्हा पहिली पायरी ढासळते: वास जाणवायलाच तो उग्र असावा लागतो. झटका ओसरला की ही क्षमता पुष्कळदा परत वर येते. दुसरी आणि तिसरी पायरी मात्र आजार जुना होत गेल्यावर, हातापायांची अडचण हळूहळू वाढत गेल्यावर ढासळते, आणि एकदा गेली की सहसा तशीच राहते. म्हणजे पहिली दाहाशी, तर दुसरी-तिसरी चेतापेशींच्या झिजेशी जास्त जोडलेली आहे. एकट्या रुग्णाबद्दल यावरून ठाम भाकीत करता येत नाही. वास गेला म्हणून पायही जाणार, असा अर्थ कुणी काढू नये. पण ताईंना सात-आठ महिन्यांपासून वास नाही आणि या काळात नवा एमआरआय झालेला नसेल, तर तो आता करून घ्यायला हे कारण मला पुरेसं वाटतं.

इथे एक मुद्दा लांबवून सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो. पुष्कळ रुग्ण म्हणतात, 'मला विक्सचा वास येतो, मिरचीच्या फोडणीचा ठसका लागतो, मग वास गेलाय कसा?' ठसका, झोंबणं, थंडावा, कांद्याने डोळ्यांत येणारं पाणी हे वासाच्या नसेचं काम नाही. ते पाचव्या नसेचं, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं काम आहे. अमोनिया, कापूर, निलगिरी, विक्स या सगळ्यांत ती नस जागी होते. त्यामुळे घरी तपासताना विक्सची डबी नाकाशी धरून 'येतोय की वास' म्हणणं फसवं आहे. उलट, अमोनियासारखा झोंबणारा वास नाकाशी धरूनही कुणी 'काहीच कळत नाही' म्हणालं, तर आम्ही वेगळ्या दिशेने विचार करतो.

चवीचंही तसंच आहे. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (रश्शासारखी मांसल चव) एवढंच कळतं. आमटीतली गोड्या मसाल्याची चव, भाकरीचा खमंगपणा, कंदी पेढ्याचा खरपूसपणा हे बहुतांशी नाकाचं काम आहे. वास गेलेली बाई 'तोंडाला चव नाही' असंच सांगते. मग तिला भूक वाढवायची औषधं मिळतात, आणि स्वयंपाकात मीठ-तिखट वाढत जातं. घरात सगळं खारट लागायला लागलं की पुन्हा तिलाच बोल लावतात.

घरी प्राथमिक अंदाज घ्यायचा असेल तर न झोंबणारे, ओळखीचे वास घ्या: कॉफीची पूड, वेलदोडा, अंगाचा साबण, नारळाचं तेल, भाजलेले शेंगदाणे. ताईंचे डोळे मिटलेले असू द्या. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीतून वास, मग अदलाबदल. आधी विचारा, काही जाणवतंय का. मग चार पर्याय द्या आणि त्यातून निवडायला सांगा, कारण नुसतं 'हे काय आहे?' विचारलं तर निरोगी माणूसही अडखळतो. डाव्या-उजव्या नाकपुडीचं वेगवेगळं वहीत लिहा, तारीख घाला. एका वासाहून दुसऱ्याकडे जाताना अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. महिन्याने पुन्हा करा. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर ठेवायला तारीखवार नोंद होते आणि बोलणं मुद्द्यावर येतं. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, तर ती नोंद मी फार गांभीर्याने घेईन.

विदेशी संच वापरताना आपल्या भागात एक अडचण येते. डोटींनीच १९८४ च्या सुमारास ४० वासांची, खरवडून हुंगायची पुस्तिका तयार केली, जगभर ती वापरली जाते. तिच्यात रूट बिअर, विंटरग्रीन, चेडर चीज, लायकोरिस असले वास आहेत. खटाव-माणच्या एखाद्या मावशींना ते नाव घेऊन ओळखता आले नाहीत, म्हणून त्यांची तिसरी पायरी ढासळली असं म्हणणं अन्यायाचं होईल. जो वास आयुष्यात कधी घेतला नाही, त्याला मेंदूत नावच नसतं. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या संस्थांनी हिंग, जिरं, उदबत्ती, आंबा, रॉकेल अशा वासांवर आधारलेलं, आपल्या लोकांवर नीट प्रमाणित केलेलं साधन वापरात आणावं असं मला मनापासून वाटतं. जिथे जे साधन असेल त्यावर रुग्णाचे आजचे गुण त्याच्याच मागच्या गुणांशी ताडावेत, परदेशी तक्त्याशी नव्हे.

आता नाकाकडे येतो. एमएस आहे म्हणून सगळं एमएसच्या माथी मारणं ही चूक मला तितकीच घातक वाटते. वास जाण्याची सर्वांत नेहमीची कारणं नाकातच असतात. सर्दी-अ‍ॅलर्जीने नाक चोंदणं, सायनसचा जुनाट दाह, नाकात मास वाढणं. ताईंची दुर्बीण झाली हे चांगलं झालं, फक्त दुर्बीण वरच्या फटीपर्यंत गेली होती का, एवढं त्या डॉक्टरांना विचारा. वासाची जागा अरुंद फटीत असते, आणि खालून पाहिलेलं नाक 'स्वच्छ' दिसू शकतं.

कोविड झाला होता का? 'नाही' म्हणण्याआधी आठवा. एमएसच्या काही औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, संसर्ग सौम्य वाटून निसटलेला असू शकतो. कोविडमध्ये वास जातो तो मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना विषाणू लागल्यामुळे. तो अचानक जातो, आणि परत येताना काही महिने उलटासुलटा येतो: कॉफीला जळकट, कांद्याला सडका. हळूहळू गेलेला वास आणि एका सकाळी गायब झालेला वास यांची कारणं वेगळी असतात, म्हणून सुरुवात कशी झाली हे ताईंकडूनच शांतपणे ऐकून घ्या.

आपल्या भागाच्या काही खास गोष्टी मी प्रत्येक रुग्णाला विचारतो. मिश्री किंवा तपकीर आहे का? सातारा-सांगलीत बायकांच्यात मिश्री अजून आहे, आणि सांगायला संकोच वाटतो, म्हणून सासू-नवऱ्यासमोर विचारू नये. तासगाव-कवठे महांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर काम असेल तर गंधकाच्या धुरीचा प्रश्न येतो. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड नाकाच्या अस्तराला जाळतो. द्राक्षबागेत फवारणी कोण करतं, तोंडाला काय बांधतं, हेही विचारतो. पलूसकडे माहेर असेल तर यातलं काहीतरी संबंधित असू शकतं. डोक्याला मार लागलेला आहे का, विशेषतः पाठीमागे पडून? त्या झटक्याने सच्छिद्र हाडातले तंतू तुटतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. बी-१२ च्या कमतरतेत हातापायांना मुंग्याही येतात, त्यामुळे सगळ्या तक्रारी एमएसच्या खात्यात जमा होण्याचा धोका असतो.

काही कारणं चुकवून चालणार नाहीत. एकाच नाकपुडीचा वास हळूहळू गेला असेल, सोबत डोकेदुखी, वागण्यात बदल किंवा नजर कमी होत असेल, तर कपाळाच्या तळाशी, वासाच्या पट्ट्याजवळ वाढणारी मेनिन्जिओमाची गाठ नाही ना, हे रंगद्रव्य देऊन केलेल्या एमआरआयने बघावं लागतं. ही गाठ बहुधा साधी, कर्करोगाची नसलेली असते, पण उशीर महागात पडतो. साठीच्या आसपासच्या माणसाचा वास कमी झाला आणि झोपेत हातपाय झाडणं, बद्धकोष्ठता अशा तक्रारी असतील, तर पार्किन्सन मनात ठेवावा लागतो. त्यात वास हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी जाऊ शकतो. ताईंच्या वयात ती शक्यता नगण्य आहे, पण हे वाचणाऱ्या घरात आजोबा असतीलच.

एमएसच्या कुळातले आणि शेजारचे आजारही सांगतो, कारण भावाने विचारलं नसलं तरी अशा रुग्णांचे नातेवाईक हे वाचतील.

न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, हा दिसायला एमएससारखा पण मुळात वेगळा आजार. त्यात डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर जोरदार हल्ला होतो. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हॅन्डा लेनन आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवणारी प्रतिपिंडं दाखवली. पुढे कळलं की त्यांचं लक्ष्य अ‍ॅक्वापोरिन-४ नावाचं, पेशीत पाणी ये-जा करू देणारं प्रथिन आहे. एनएमओमध्येही वास कमी झाल्याचं आढळलं आहे, त्यामुळे वासावरून एमएस आणि एनएमओ वेगळे करता येत नाहीत. ते काम रक्ताच्या तपासणीचं. ही तपासणी ज्यांची कधीच झालेली नाही आणि ज्यांना दोन्ही डोळ्यांचा किंवा मज्जारज्जूच्या लांब पट्ट्याचा त्रास झालाय, त्यांनी ती जरूर करून घ्यावी. एमएसची काही औषधं एनएमओत आजार भडकवतात.

मायस्थेनियात पापण्या संध्याकाळी जड होतात, चावताना जबडा थकतो. तो नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा आजार, वासाशी त्याचा संबंध नसावा असंच आम्ही मानत होतो. २०१२ साली छापलेल्या एका छोट्या अभ्यासात मायस्थेनियाच्या रुग्णांचा वास ठळकपणे कमी दिसला, आणि स्नायूंचाच दुसरा आजार असलेल्या रुग्णांशी तुलना केल्यावरही फरक राहिला. म्हणजे नुसतं जोरात हुंगता येत नाही म्हणून हे घडलं असं म्हणता आलं नाही. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, पण एवढ्या लहान गटावरून ठाम बोलणार नाही.

ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार, त्यातलं संशोधन मात्र विचार करायला लावतं. ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात रायबोसोमल-पी नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि त्यांचा मानसिक लक्षणांशी संबंध सांगितला जातो. इस्रायलमध्ये येहुदा शोएनफेल्ड यांच्या गटाने ही प्रतिपिंडं उंदरांच्या मेंदूत सोडली. उंदीर उदास झाल्यासारखे वागू लागले, आणि त्यांची वास घ्यायची क्षमताही घटली. यात नवल नाही, कारण इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस या टप्प्यावरून पुढे जातात, वास मात्र तसं न थांबता थेट भावना आणि आठवणींच्या भागांत पोचतो. म्हणून अशा आजारात उदासी आणि वास एकत्र बिघडलेले दिसले, तर 'उदास आहे म्हणून वास येत नाही म्हणते' असा सोपा निष्कर्ष काढू नये. दोन्ही एकाच ठिकाणच्या दाहाची फळं असू शकतात. ताईंची झोप, रडू येणं, कंटाळा याबद्दल नक्की विचारा, पण वासाची तक्रार मोडीत काढण्यासाठी नव्हे. एमएसमध्ये उदासी स्वतंत्रपणेही पुष्कळ असते आणि तिचा उपचार होतो.

मेंदूच्या आत्मप्रतिकारक दाहात, ज्याला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात, वास कमी होऊ शकतो. पण मी घरच्यांना वेगळंच काही लक्षात ठेवायला सांगतो: नसलेला वास येणं. काही सेकंद रबर जळाल्यासारखा किंवा सडका वास येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, माणूस क्षणभर हरवतो, आणि दिवसात असं अनेकदा होतं. हा कानशिलाच्या भागातला फिटचा प्रकार असू शकतो. इथे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी लागते, देवऋषी नव्हे.

तिसरा प्रश्न, वास परत येईल का. ताजा झटका असेल, सोबत इतरही लक्षणं असतील, तर झटक्याचा नेहमीचा उपचार, म्हणजे तीन ते पाच दिवस शिरेतून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, केला जातो आणि त्यात वासही सुधारू शकतो. पण सात-आठ महिन्यांनी, फक्त वासासाठी, स्टेरॉइडची सलाईनं लावण्याच्या मी विरुद्ध आहे. साखर, रक्तदाब, हाडं, संसर्ग यांची किंमत मोठी आहे आणि एवढ्या उशिरा फायद्याची खात्री नाही. एमआरआयवर नवे डाग दिसले तर प्रश्न मुख्य औषध बदलण्याचा आहे, आणि तो तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांबरोबर बसून सोडवायचा.

वासाचा सराव मात्र जरूर करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली पद्धत साधी आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद, निदान बारा आठवडे. लवंग आणि लिंबू घरात असतंच, गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल बाजारात मिळतं. छोट्या बाटलीत कापसावर थेंबभर घ्या, हलकेच हुंगा आणि त्या वेळी तो वास आठवायचा प्रयत्न करा. नाकातल्या वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि विषाणूने गेलेल्या वासासाठी या सरावाचा पुरावा चांगला आहे. एमएससाठी पुरावा तोकडा आहे. तरीही खर्च नाही, अपाय नाही, आणि ताईंना स्वतःच्या हातात काहीतरी असल्याचं समाधान आहे, म्हणून मी तो सांगतो.

काय करू नये तेही ऐका. नाकात मारायचे जस्ताचे फवारे नकोत. त्यांनीच वास कायमचा गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता. एमएसच्या रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल, तर नाकात तेल-तुपाचे थेंब घालू नका, ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि चालू असलेलं एमएसचं औषध 'यानेच वास गेला असेल' म्हणून स्वतःहून बंद करू नका.

आता घराबद्दल, आणि हे मला औषधांइतकंच गरजेचं वाटतं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, आणि ताईंना नेमकं तेच कळणार नाही. गॅस गळती ओळखणारा अलार्म बसवून घ्या. तो शेगडीच्या वर नको, जमिनीलगत हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यावी. गळतीची शंका आली तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी लावा. दूध नासलंय का, कालची भाजी आंबलीय का, हे ताईंनी चाखून ठरवू नये, कुणाला तरी हुंगायला सांगावं. शिजत ठेवलं की मोबाइलवर गजर लावावा. मीठ-तिखट हाताच्या अंदाजाने नव्हे, चमच्याने मोजून घालावं.

सासूबाईंशी बोलणं भावाने टाळू नये, शक्य असेल तर त्यांना पुढच्या भेटीला सोबत आणा. डॉक्टरांच्या तोंडून 'हिला वास येत नाही, हे आजाराने होऊ शकतं' हे ऐकलं की घरातलं वातावरण बदलतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. वास गेलेल्या बाईला आणखी एक भीती असते, जी ती सांगत नाही: आपल्या अंगाला वास येतोय का, लेकराचे कपडे धुवायला झालेत का, हे कळत नाही आणि लोकांत जायला नको वाटतं. तिच्या भरवशाच्या एका माणसाने, बहिणीने, जावेने किंवा नवऱ्याने, हे तिला न दुखावता सांगायचं काम घ्यावं.

पुढच्या भेटीला हे सोबत न्या: सगळ्या एमआरआयच्या सीडी, डोळ्याच्या पहिल्या त्रासाचे कागद, चालू औषधांची यादी, दुर्बिणीचा रिपोर्ट, वासाची तारीखवार वही. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. नव्या एमआरआयमध्ये गंधकंद आणि कपाळ-कानशिलाचा खालचा भाग मुद्दाम पाहता येईल का? अ‍ॅक्वापोरिन-४ ची तपासणी पूर्वी झाली आहे का? वासाची मोजणी जवळपास कुठे होते? आणि यापुढे दर भेटीत नजरेसारखीच वासाचीही नोंद केस पेपरवर होईल का? कराड आणि मिरज दोन्हीकडे मेंदूचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, शक्यतो दोघांनी एकमेकांचे कागद पाहून एकत्र मत द्यावं असा आग्रह धरा. नवा एमआरआय झाला की त्याचा निष्कर्ष आणि वहीतल्या पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी कळवा, त्यावरून औषधाबद्दल पुढचं बोलता येईल.